सफियाबाईंचा घोट

कोणाच्याही घरी गेल्यावर सफियाबाई प्रथम पाणी मागत, आणि पाणी आले की ते लगेच पीत नसत. एक घोट तोंडात घेऊन डोळे मिटून स्वस्थ बसत. घरातली सून चहाचा कप घेऊन समोर ताटकळत उभी असे आणि या बाई दोन्ही गाल किंचित फुगवून जणू जपाला बसलेल्या. पाणी मनास आले तर तो घोट सावकाश गळ्याखाली उतरे. त्यात मचूळपणाची पुसट छटा जरी असली, तरी त्या निमूटपणे उठत, अंगणाच्या कडेच्या केळीपाशी चूळ टाकत, पदराने ओठ टिपत आणि परत येऊन चहाला हात घालीत. मग निवाडा होई. "अगदी पोर आहे तुमचं पाणी, गेल्याच पावसाचं," असे त्या सांगत, किंवा, "हे तुमच्या आजेसासऱ्यांच्या काळात जमिनीत शिरलेलं असणार. मान द्या त्याला. भांडी नका घासू त्याने."

पाण्याला वय असते हे मी उभ्या आयुष्यात ऐकले नव्हते. संस्कृतात पाण्याला नावे पुष्कळ आहेत. पाठशाळेत कित्येक वर्षे मी ती शिष्यांकडून घोकून घेतली. पण त्याचे वय विचारावे असे मला कधी सुचले नाही.

आमचे गाव श्रीवर्धनच्या अलीकडे, जांभ्याचा सडा, म्हणजे वरचा उघडा कातळ-माळ, आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या उतरणीवर वसलेले आहे. सड्यावरून खाली आले की आधी मोहल्ला लागतो, त्याला लागून सुपारीच्या वाड्या, मग आमची आळी, आणि अगदी खाली, सुरूच्या बनाच्या अलीकडे महादेवाचे देऊळ. देवळाच्या आवारात एक विहीर आहे. पाठशाळेतून निवृत्त झाल्यावर देवाच्या पूजेची सेवा माझ्याकडे आली, आणि रोज पहाटे त्या विहिरीचा पहिला कलश काढण्याचे भाग्यही.

सफियाबाई मोहल्ल्यातल्या. वडिलांचा सुपारीचा व्यापार होता. गावच्या शाळेतून ही मुलगी मुंबईला शिकायला गेली, पुढे परदेशी गेली, आणि पाणी, तेल, वायू हे पदार्थ जमिनीच्या पोटात कसे वाहतात या विषयाची मोठी प्राध्यापिका झाली. गावाला यातले काहीच ठाऊक नव्हते. निवृत्तीनंतर त्या वडिलांच्या घरी राहायला आल्या तेव्हा 'डॉक्टर आल्या' एवढीच वार्ता पसरली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या पडवीत गुडघे धरून बसलेल्या बायकांची रांग लागली. बाईंनी कोणालाही परत पाठवले नाही. "गुडघ्यातलं मला कळत न्हाय गो बाय," त्या म्हणत, "पण तुझ्या विहिरीला काय झालंय ते सांगते. बस." बायका बसत. त्यांतल्या काहींचे गुडघे पुढे बरे झाले, आणि त्याचे श्रेय त्यांनी बाईंनाच दिले. बाईंनी ते नाकारण्याचा प्रयत्न काही काळ केला आणि मग सोडून दिला.

माझ्याकडे त्या आल्या त्या एका अध्यायासाठी. आपल्या एका प्राचीन ज्योतिषग्रंथात भूमिगत जलाविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. माणसाच्या शरीरात जशा शिरा, तशा पृथ्वीच्या पोटात पाण्याच्या शिरा. कोणत्या झाडाजवळ, कोणत्या दिशेला, किती पुरुष खोल खणले असता त्या लागतील, याचे त्यात विवेचन आहे. परदेशातल्या एका व्याख्यानात कोणीतरी त्याचा उल्लेख केला होता, आणि तेव्हापासून बाईंच्या मनात ते मूळ भाषेत वाचायचे होते.

"गुरुजी, मला संस्कृत येत नाही, आणि आता येईल इतकी वर्षं उरलेली नाहीत," पांढऱ्या सुती साडीचा पदर सावरीत ओटीवर बसत त्या म्हणाल्या. "तुम्ही वाचा, अर्थ सांगा. मी भांडेन."

त्यांनी शब्द पाळला. एकही श्लोक त्यांनी भांडल्यावाचून पुढे जाऊ दिला नाही. हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची म्हणजे एक पुरुष, असे खोलीचे माप त्या ग्रंथात आहे. हे सांगितल्यावर बाई तत्काळ उठल्या, भिंतीला पाठ लावून हात वर करून उभ्या राहिल्या. उंचीने त्या जेमतेम माझ्या खांद्याला लागत. "म्हणजे माझ्या मापाने खणलं तर पाणी आणखी लांब," त्या म्हणाल्या. "पुस्तक लिहिणारा उंच असणार. उंच माणसं नेहमी म्हणतात की पाणी जवळच आहे."

वारुळाजवळ पाणी असते, असे एका श्लोकात आले. दुसऱ्या दिवशी भर उन्हात छत्री घेऊन बाई सड्यावरची वारुळे पाहत हिंडल्या. संध्याकाळी आल्या त्या तांबड्या धुळीने माखलेल्या आणि अतिशय प्रसन्न. जुन्या तळीच्या कडेला त्यांना वारुळांची सबंध ओळ सापडली होती. "निरीक्षण बरोबर, कारण चुकलंय," त्यांनी ग्रंथकाराला गुण दिले. "माझ्या विद्यार्थ्यांचंही असंच व्हायचं. पास करते त्याला."

त्या ग्रंथकाराविषयी माझ्या मनात पूज्यभाव आहे. पण ग्रंथकार असा तपासला गेल्याने तो भाव उणावला नाही, हे मला त्या संध्याकाळी कळले. इतक्या काळानंतर कोणीतरी त्याचे म्हणणे पडताळण्यासाठी उन्हात पायपीट केली, यापेक्षा मोठे तर्पण कोणते?

बाईंच्या स्वयंपाकघरात पाट्यावर वरवंटा म्हणून एक काळा गुळगुळीत दंडगोल होता. घाटाच्या पोटात यंत्राने खोल भोक पाडताना आतून निघालेला तो सलग पाषाण. त्याने त्या लसूण आणि मिरच्या ठेचीत. "कोट्यवधी वर्षांचा वरवंटा आहे," त्या सांगत. "विद्यापीठात काचेच्या कपाटात होता. तिथे त्याला काही काम नव्हतं." त्या काळ्या दगडात बारीक पांढऱ्या रेषा होत्या, आणि त्या रेषांमध्ये बाईंच्या आयुष्याचे काम होते.

ते काम त्यांनी मला एस.टी. स्टँडवरच्या सोड्याच्या बाटलीने समजावले. बाटली उघडली, फेस उसळला. "हा वायू पाण्यात विरघळून बसलेला असतो. झाकण काढलं की पळतो. कारखान्यांच्या धुराड्यांतून हाच निघतो, आणि आभाळ तापवतो. आम्ही म्हटलं, याला पाण्यात विरघळवू आणि सह्याद्रीच्या काळ्या दगडात खोल सोडू. त्या दगडात चुन्याचा अंश असतो. वायू त्याला भेटतो आणि दोघांचा मिळून पांढरा दगड होतो. मग झाकणाची गरजच नाही. दगड कुठे पळतोय?"

मी म्हणालो, "म्हणजे महादेवाने हालाहल कंठात धरले, तसे पृथ्वी हे विष कंठात धरणार."

बाईंनी मान हलवली. "कंठात नको, गुरुजी. कंठात ठेवलं तर कधीतरी ठसका लागेल आणि बाहेर येईल. तेलाच्या रिकाम्या विहिरींत वायू भरून वर बूच मारतात ना, ते कंठात ठेवणं. माझं सगळं भांडण त्यांच्याशीच होतं. माझं म्हणणं, ते हाडात गेलं पाहिजे. हाड झालं पाहिजे त्याचं."

देवाच्या चरित्रात कोणी सुधारणा सुचवावी आणि ती मला मनापासून आवडावी, असा प्रसंग माझ्या आयुष्यात तो एकच.

हे म्हणणे जगाने सहज मानले नव्हते. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः प्राध्यापिका झालेली, अधूनमधून मुंबईहून मांडव्याच्या बोटीने आणि पुढे मिळेल त्या गाडीने बाईंना भेटायला येई. तिने सांगितलेली हकीकत अशी. बाईंचे शोधनिबंध वर्षानुवर्षे नाकारून परत येत. ज्या दिवशी नकार येई, त्या दिवशी बाई साऱ्या विभागाला खोबऱ्याची वडी वाटत. पहिल्या वर्षीच्या मुलांना वाटे, मॅडमना मोठा सन्मान मिळाला. कोणी विचारलेच तर बाई सांगत, "नाकारलंय त्यांनी. चार पानं भरून नाकारलंय. म्हणजे वाचलंय तरी. खा."

"आणि स्वीकारला की?" मी विचारले.

"तेव्हा काही नाही," विद्यार्थिनी हसून म्हणाली. "तेव्हा म्हणायच्या, आता कोणी भांडणार नाही, दिवस फुकट गेला."

पुढे घाटात तो प्रयोग झाला. वायू विरघळलेले पाणी खोल पाषाणात सोडले गेले, आणि बऱ्याच प्रतीक्षेनंतर तिथून दगड बाहेर काढला. त्याच्या भेगा पांढऱ्या, स्फटिकासारख्या चकाकणाऱ्या पदार्थाने भरलेल्या होत्या. बाईंनी त्यावर आम्लाचा एक थेंब टाकला. बारीक फेस आला. त्या विद्यार्थिनीने सांगितले की सारे टाळ्या वाजवीत असताना मॅडम दगडाला कान लावून बसल्या होत्या, फेसाचा आवाज ऐकत. त्या दगडाची एक पातळ चकती कापून बाईंनी दिवाळीला मला भेट दिली. "तुमची सहाण झिजलीय, मी पाहिलंय. यावर गंध उगाळा. आणि शंका नको, हा तो लसणीचा नाही, नवा आहे." आजही महादेवाचे गंध मी त्यावरच उगाळतो. चंदनाच्या खाली ती पांढरी रेघ रोज दिसते.

आता विहिरीचे सांगतो.

त्या फाल्गुनात देवळाच्या विहिरीचे पाणी मचूळ झाल्याची कुजबुज सुरू झाली. तीर्थ घेतल्यावर लोक तोंड वाकडे करीत. मला स्वतःला ते तसे लागत नव्हते. पण मी प्रमाण नव्हे, कारण तीर्थ मला कधीच खारट लागले नसते. देवस्थानाचे अध्यक्ष दामूअण्णा. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, आणि तेव्हापासून सबंध गावालाच कचेरी समजणारे. त्यांनी विश्वस्तांची बैठक बोलावून ठराव केला की विहिरीत खोल बोअर मारायचा. पाताळातले गोडे पाणी वर आणायचे. बोअरची गाडी माणगावहून चैत्राच्या अखेरीस येणार, असेही ठरले.

बाईंना हे कळले तेव्हा त्या तडक देवळाच्या पारावर येऊन बसल्या. दामूअण्णा आणि त्या गावच्या शाळेत एका वर्गात होते, त्यामुळे दोघांत बोलण्याची एक निराळीच रीत होती.

"दामू, बोअर मारू नकोस."

"का? तुझी परवानगी घ्यायची राहिली म्हणून?"

"खाली गोडं पाणी नाही. खाली समुद्र आहे. गोडं पाणी त्याच्यावर तरंगतंय, दुधावर साय असते तसं. साय कमी झाली म्हणून चमचा खोल घातलास, तर साय मिळेल की दूध? इथे तर दूधही नाही. एकदा खारं वर ओढलंस की ही विहीर आपल्या हयातीत गोडी होणार नाही."

"मग पाणी येतं कुठून? विहिरीत पाणी खालूनच येतं, सफे. एवढं मलासुद्धा समजतं."

"बाजूने येतं. सड्यावरून, वाड्यांखालून, हळूहळू. वरच्या वाड्यांत मोठाले पंप बसले, सड्यावरची तळी गाळाने भरली. साय पातळ झाली ती त्याने."

दामूअण्णांनी उपरणे झटकले. "जगभर फिरून आलीस, आता देवाच्या विहिरीवर प्रयोग करू नकोस."

त्या संध्याकाळी बाई माझ्या ओटीवर येऊन बसल्या. म्हणाल्या, "गुरुजी, कुठल्या कुठल्या देशांत माझं ऐकतात. ज्या विहिरीचं पाणी पिऊन मी वाढले, तिच्याबद्दल गावाने मला आजवर एक प्रश्न विचारला नाही. आता न विचारता सांगितलं, तर हे असं." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, पण नेहमीचा खेळकरपणाही नव्हता. आम्ही त्या दिवशी एकही श्लोक वाचला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा पहिल्यासारख्या आल्या. दाखवल्यावाचून दामू ऐकणार नाही, तर दाखवू, असे त्यांनी ठरवले होते. पाण्याची वाट शोधण्यासाठी त्यांच्या शास्त्रात उन्हात हिरवा चमकणारा एक निरुपद्रवी रंग वापरतात. तो त्या आपल्या वडिलांच्या वाडीतल्या विहिरीत टाकणार होत्या, मग खालच्या बाजूच्या विहिरींचे पाणी तपासत राहणार होत्या. ग्रामपंचायतीला सांगून, भाचा इब्राहिम याला विहिरीकाठी उभे करून त्यांनी तो टाकला. कुवेतहून परत आलेला हा इब्राहिम त्या वाडीचा कर्ता. गावातला सर्वांत मोठा पंप त्याचाच.

"देवळात कधी येईल रंग?" मी विचारले.

"आला तर पावसाळ्यानंतर. आणि इतका विरळ की यंत्रालाच कळेल, डोळ्याला नाही. वाळूतून पाणी फार सावकाश चालतं, गुरुजी. तुमच्या माझ्यासारखं." त्यांनी सगळे गणित मांडले होते.

पुढच्याच सोमवारी सकाळी मी अभिषेकाला बसलो. तांब्याच्या कलशात पाणी नेहमीसारखेच दिसत होते. धार धरली, आणि दारातून आलेले कोवळे ऊन पिंडीवर पडताच ती काळी पिंडी हिरव्या सोन्यासारखी झळाळू लागली. मी रुद्राची आवर्तने थांबवली नाहीत. मागे कोणीतरी "महादेवा" असे पुटपुटले. आवर्तन संपवून मी वळलो तेव्हा सभामंडप भरला होता. बायका हात जोडून उभ्या होत्या, नारळ आले होते, एक गृहस्थ घरून बाटली घेऊन आले होते, आणि दामूअण्णा डोळे पुशीत होते.

इतक्यात, वार्ता कानी पडून, आवाराच्या दारातून सफियाबाई जवळजवळ धावतच आल्या. पायात चप्पल नव्हती. पायरीखाली थांबून त्यांनी श्वास घेतला आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "गुरुजी, तो चमत्कार नाही. ती माझी चूक आहे."

सभामंडपातली निराशा मला स्पष्ट जाणवली. बाटलीवाल्या गृहस्थांनी बाटली पंच्याखाली घेतली. दामूअण्णांचे डोळे कोरडे व्हायला क्षणही लागला नाही.

"देवाच्या पाण्यात रंग, सफे?" ते पायरी उतरत म्हणाले. "शाळेत माझ्या दप्तरावर दौत सांडलीस, ती सवय अजून गेली नाही?"

"ती दौत तुझीच होती, दामू, आणि तूच धक्का दिलास."

"विषयांतर करू नकोस."

लोकांनी माझ्याकडे पाहिले. पूजेत जे घडले त्यावर बोलण्याचा अधिकार माझा होता. मी म्हणालो, "ज्याने हालाहल पचवले त्याला हा रंग जड नाही. देव शांत आहेत. आपणही बसून घेऊ." लोक पारावर, पायऱ्यांवर बसले. बाईंच्या चेहऱ्यावर लज्जा मला अपेक्षित होती. पण पाहतो तो बाई आनंदाने उजळलेल्या.

"किती चुकले मी," त्या स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाल्या. "पावसाळ्यानंतर म्हटलं होतं, आणि हे पाणी धावत आलं. वाळूतून इतक्या वेगाने येणं शक्यच नाही. मध्ये काहीतरी आहे." त्यांनी वळून वरच्या वाड्यांकडे पाहिले; मग मशिदीचा मिनार, इब्राहिमची वाडी, आमच्या आळीची वळलेली वाट आणि देऊळ अशी एक रेघ हवेत बोटाने ओढली. बोट मध्येच थांबले. "दामू. पऱ्या."

दामूअण्णांनी त्या बोटाच्या दिशेने पाहिले.

"आपला पऱ्या रे. पावसाळ्यात इथूनच वाहायचा. आपण त्यात होड्या सोडायचो. पुढे दगडगोटे आणि शिंपले टाकून बुजवला आणि त्यावर वाड्या वाढवल्या. वरून बुजला, पण आतून तो अजून वाहतोय. सगळ्या जगाच्या जमिनीखालचे ओढे मी शोधले, आणि हा विसरले."

"माझी एक चप्पल गेली होती त्यात," दामूअण्णा हळू आवाजात म्हणाले. "नवी होती. बाबांनी मारलं होतं."

"मिळेल हां ती. रंगाच्या मागून येत असेल."

पहिले हसले ते दामूअण्णाच. मग सारा पार हसला, आणि त्या हसण्यातच बोअरचा ठराव डळमळीत झाला. आता वेगळे काही पटवावे लागले नाही. देवाच्या विहिरीत पाणी पाताळातून येत नाही, ते मोहल्ल्याखालून, वाड्यांखालून, बुजवलेल्या पऱ्याच्या वाटेने येते, हे महादेवाच्या मस्तकावर सर्वांनी पाहिले होते. ते टिकवायचे तर सड्यावरची तळी उपसायची आणि वाड्यांतले पंप पाळीपाळीने चालवायचे, हे ओघानेच आले.

अडचण एकच होती, इब्राहिम. "फुफी, तुमच्या शास्त्रापायी माझ्या सुपाऱ्या वालतील," तो पारावर बसून म्हणाला. "सगल्या गावाने पंपाची पाली पालायची, आणि सुरुवात माझ्यापासून? का ओ?"

"पंप सगळ्यांत मोठा तुझा म्हणून. आणि भाचा माझा म्हणून. दुसऱ्याच्या भाच्याला मी काय सांगू?"

इब्राहिमने सर्वांदेखत कान पकडले. तरी पंपाच्या पाळीवरून आत्या-भाच्यांचा वाद त्या दिवशी जो सुरू झाला तो पुढे कधी मिटला नाही. रोज सकाळी मोहल्ल्यातून तो ऐकू येई.

दामूअण्णांनी माणगावची गाडी परत पाठवली, पण आपली कचेरी त्यांनी बंद केली नव्हती. "ही स्थगिती आहे, रद्द नाही," त्यांनी बाईंना बजावले. "एक पावसाळा देतो. पुढच्या वैशाखात, पाणी तळाला गेलं की, तू स्वतः चाखायचंस. थुंकलीस तर गाडी बोलावणार."

"यंत्राने मोजून देते ना."

"यंत्र नको. यंत्र तुझ्या बाजूचं असतं. तुझी जीभ कोणाच्या बाजूची नाही, हे मला शाळेपासून माहीत आहे."

बाईंनी ते मान्य केले. वैशाखापर्यंत देवळाच्या विहिरीचा थेंबही तोंडात घेणार नाही, असे त्यांनी सांगितले. "पावसाळ्यात सगळ्याच विहिरी गोड असतात. परीक्षा उन्हाळ्यात."

तळी उपसण्याचे काम ज्येष्ठाआधी झाले. आमच्या आळीतले पेन्शनवाले आणि मोहल्ल्यातले सुट्टीवर आलेले आखाती नोकरदार एकाच घमेल्याच्या रांगेत उभे होते. बाई वारुळांच्या ओळीपाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि वारुळांना कोणी धक्का लावू नये म्हणून ओरडत होत्या. तळीच्या तळाशी जांभ्याला भेगा दिसू लागल्या तेव्हा त्यांनी काम थांबवले. "बस. आता तिला श्वास घेता येईल." पाऊस झाला, तळी भरली, आणि पूर्वीसारखी तुडुंब न राहता हळूहळू खाली जिरत गेली. लोक हळहळले. बाई मात्र पाण्याची पातळी उतरताना पाहून खुशीत हात चोळीत होत्या.

वैशाख आला. त्याच सुमारास त्यांच्या विद्यार्थिनीचे बोलावणे आले. घाटात नव्या जागी खोल भोक पाडायचे होते, वायू पाषाणात सोडायचा होता, आणि मॅडम हव्या होत्या. बाईंनी एका दिवसात सामान बांधले. त्यात तो लसणीचा वरवंटाही होता. आमचा अध्याय थोडा उरला होता. "राहू दे," त्या म्हणाल्या, "भांडायला काहीतरी शिल्लक पाहिजे."

निघण्याच्या सकाळी इब्राहिमची गाडी देवळाच्या दारात उभी राहिली. मांडव्याची दुपारची बोट गाठायची होती. तो सारखा हॉर्न वाजवीत होता. देवस्थानाचे सारे विश्वस्त पारावर जमले होते. विहिरीचे पाणी तळाशी गेलेले, कलश काढताना दोर जवळजवळ संपला. मी कलश बाहेर काढला. बाई पायरीखाली ओंजळ करून उभ्या होत्या. मी धार धरली. त्यांनी एक घोट तोंडात घेतला आणि डोळे मिटले.

समुद्राचा आवाज सुरूच्या बनातून येत होता. दामूअण्णा बाईंच्या गालांकडे एकटक पाहत होते. हॉर्न पुन्हा वाजला. बाईंनी डोळे उघडले, पण तोंड उघडले नाही. त्यांनी मला हात जोडले, दामूअण्णांच्या खांद्यावर टपली मारली, आणि गाल तसेच फुगवलेले ठेवून जाऊन गाडीत बसल्या.

"अगो सफे, सांगून तरी जा," दामूअण्णा गाडीमागे दोन पावले गेले. बाईंनी खिडकीतून हात हलवला. डोळ्यांत त्यांचा तो वर्गातला खोडकरपणा होता. गाडी चढणीला लागली.

मोहल्ल्याच्या तोंडाशी रस्ता वळतो, आणि तिथे गाडीची एक बाजू क्षणभर देवळाकडे येते. आम्ही सारे त्या वळणाकडे डोळे लावून उभे राहिलो. बाईंची खिडकी उघडी होती. आता त्या बाहेर वाकतील, चूळ टाकतील, अशी शंका सर्वांच्या मनात होती.

गाडी वळली. खिडकीत त्यांचा चेहरा स्पष्ट दिसला. तो आमच्याकडे नव्हता, इब्राहिमकडे होता. उजवा हात तावातावाने वाडीतल्या पंपाकडे दाखवीत होता, आणि ओठ भराभर हलत होते.

दामूअण्णांची दृष्टी अलीकडे अधू झाली आहे. "काय झालं, गुरुजी?" त्यांनी विचारले. "थुंकलीन का?"

"बोलतायत," मी म्हणालो. "इब्राहिमशी भांडतायत."

दामूअण्णांनी पारावरून आपले उपरणे उचलून खांद्यावर टाकले आणि कलशाकडे ओंजळ पुढे केली.

"म्हणजे गिळलंन," ते म्हणाले. "द्या, मलाही द्या."